अवघड शब्दांचे देणे

गेल्या मे महिन्यात माझ्या पुतण्याची मुलगी सुट्टीत घरी आली होती. तिला परदेशी शिकायला जायचे आहे, आणि त्यासाठी जी परीक्षा द्यावी लागते तिचे अवघड इंग्रजी शब्द ती दिवसभर पाठ करीत असे. मोबाइलवर शब्द यायचा, खाली अर्थ यायचा, बोट फिरवले की पुढचा शब्द. तिने सहज विचारले, "आजोबा, तुमच्या वेळी हे कसं करायचे?" मी माळ्यावरची वही काढून तिच्या हाती दिली.

दोनशे पानी लांब वही आहे ती. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, मध्ये तांबड्या शाईची रेघ. पोरगी कौतुकाने पाने उलटीत होती. एका पानावर ती थांबली. तिथे 'इनर्ट' असा शब्द होता. त्यापुढे लिहिलेला 'निष्क्रिय. काही न करणारा' हा अर्थ खोडलेला होता आणि वेगळ्या शाईने शेजारी लिहिले होते, 'माणूस मरतो.' तिने माझ्याकडे पाहिले. तिला जे सांगितले तेच येथे लिहीत आहे, कारण त्यात एक प्रश्न आहे आणि तो माझ्या एकट्याचा नाही. अवघड शब्दाचा अर्थ ज्याला ठाऊक आहे तो, अर्थ ठाऊक नसलेल्याचे काही देणे लागतो का?

आमच्या नंदुरबार-नवापूर पट्ट्यातला माणूस दोन भाषा घेऊनच वाढतो. नवापूरच्या स्टेशनातूनच राज्याची सीमा जाते. फलाटावरचे एक बाक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली, पण बोलणे काही वेगळे झाले नाही. घरी मराठी नाही तर अहिराणी, बाजारात गुजराती, आणि दोन्हींची सरमिसळ करून केलेले विनोद. गुजरातीत 'नवरो' म्हणजे रिकामटेकडा, आणि या एका शब्दावर आमच्याकडच्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या हसून घेतले आहे. इंग्रजी मात्र आमच्यापैकी कुणाच्याच घरची नव्हती. तिची वस्ती कागदावर.

तापी ओलांडून उजव्या काठाने समुद्राकडे गेले की हजीरा लागते. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून वसईपलीकडच्या समुद्रातला नैसर्गिक वायू तिथे किनाऱ्याला लागू लागला आणि त्याच्यामागून खत, पोलाद, रसायने असे कारखाने उभे राहिले. खानदेशातून, डांगातून, उत्तर प्रदेश-बिहारातून, ओडिशातून माणसे आली. मीही त्यातलाच. एका कारखान्यात कामाचे परवाने देणाऱ्या विभागात मला कारकुनी मिळाली. कुठल्या टाकीवर कुणी, किती वेळ, कोणत्या खबरदारीने काम करायचे याचे कागद आमच्या टेबलावरून जात. कागद सगळे इंग्रजीत. काम करणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते वाचता येत नसत.

माझे इंग्रजी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेले; तेवढ्यावर साहेब लोकांपुढे निभाव लागेना. मग नॉर्मन लुईस यांचे 'वर्ड पॉवर मेड इझी' हे १९४९ सालचे पुस्तक जुन्या बाजारातून आणले आणि वही सुरू केली. रोज दहा शब्द. शब्दाची मुळे शोधण्याचा त्या पुस्तकाने छंद लावला. 'इनर्ट'चे मूळ लॅटिन. ज्याच्या अंगी कसब नाही तो, म्हणून निरुद्योगी, आळशी. हे कळले त्या दिवशी काय आनंद झाला होता! शब्दाच्या पोटात शिरून आल्यासारखे वाटले. हळूहळू विभागात माझे नाव झाले. कुणाचे पत्र अडले, कुणाचा अहवाल अडला, की "त्याच्याकडे द्या, त्याला भारी इंग्रजी येतं." हे ऐकून मान ताठ होत असे, हे कबूल केले पाहिजे.

एका वर्षी मोठा शटडाऊन होता. म्हणजे सगळा कारखाना थांबवून साफसफाई आणि दुरुस्ती. अशा वेळी काही टाक्यांत नायट्रोजन भरून ठेवतात, कारण आतल्या पदार्थाला हवेतला प्राणवायू लागला तर तो पेट घेण्याची भीती असते. नायट्रोजन कशाशी चटकन संयोग पावत नाही, म्हणून रसायनशास्त्रात त्याला 'इनर्ट' म्हणतात. अशाच एका टाकीच्या माणूसभोकापाशी लटकवायची पाटी मी लिहीत होतो. 'इनर्ट अ‍ॅटमॉस्फिअर. डू नॉट एंटर.' अक्षर माझे चांगले. समोर ठेकेदाराचा एक पोरगा परवान्यासाठी उभा होता. नवापूरकडचा, वीस-एकवीस वर्षांचा, सातवीपर्यंत शिकलेला. गावाकडचा म्हणून मला साहेब न म्हणता भाऊ म्हणायचा.

"भाऊ, इनर्ट म्हणजे?"

"निष्क्रिय," मी मान वर न करता म्हणालो. "काही न करणारा."

शेजारी बसलेला सुरती फिटर हसला. "एटले नवरो गॅस!" पोरगाही हसला, मीही हसलो. शब्दाचा लॅटिन अर्थ थेट गुजरातीत उतरला याची मला गंमतही वाटली.

त्याच दुपारी त्या टाकीच्या झाकणाचे बोल्ट काढताना त्याचा पाना निसटून आत पडला. तोंडापासून हातभर खाली, दिसत होता. पोरगा गुडघ्यावर बसला आणि पाना घ्यायला डोके आत घालून वाकला. दोन श्वासांत तो लुळा पडला. फोरमन शेजारीच होता म्हणून, आणि त्याला कळत होते म्हणून, त्याने स्वतः आत न वाकता मागूनच त्याचा कमरपट्टा धरून त्याला बाहेर ओढले. पोरगा वाचला.

हे असे का होते ते पुढे मी समजून घेतले. आपण घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि २१ टक्के प्राणवायू. नायट्रोजन विषारी नाही. त्याला रंग नाही, वास नाही. पण टाकीत तो एकटाच उरला की प्राणवायूला जागा राहत नाही. शिवाय गुदमरल्याची जी घालमेल आपल्याला जाणवते ती प्राणवायू कमी पडल्यामुळे होत नसून श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते. नायट्रोजनमध्ये माणूस श्वास सोडीतच असतो, त्यामुळे ती घालमेल होत नाही आणि शरीर ओरडत नाही. शुद्ध नायट्रोजनचे एक-दोन श्वास माणसाला बेशुद्ध करायला पुरतात. काही न करणारा हा वायू काही न करताच जीव घेतो.

तीन दिवसांनी पोरगा कामावर आला. परवान्याच्या रांगेत माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊ, तुम्हीच तर सांगितलं होतं ना, तो काही करत नाही."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, त्याला खरोखरच जाणून घ्यायचे होते. मी काय उत्तर दिले ते आता आठवत नाही. काहीतरी पुटपुटलो असेन.

इथवरचा भाग चुकीचा म्हणता येईल. यापुढचा तसा म्हणता येत नाही. घटनेचा अहवाल व्हायचा होता आणि इंग्रजी नीट करण्यासाठी तो माझ्याकडे आला. मसुद्यात होते की कामगाराने डोके आत घातले. मी त्यात एक शब्द घातला, 'इनअ‍ॅडव्हर्टंटली'. अनवधानाने. वहीतला शब्द, फार दिवस वापरायला मिळाला नव्हता. वाक्य कसे डौलदार झाले! त्या एका शब्दाने सगळे अनवधान त्या पोराच्या पदरात पडले. ज्याने विचारले होते त्याचे अनवधान, आणि ज्याने मान वर न करता उत्तर दिले त्याचा उल्लेख नाही. अहवालात एकही शब्द खोटा नव्हता. खाली पोराची सही घेतली. सही मराठीत होती, गोल आणि स्वच्छ. पाटी मराठीत लिहिली असती तर त्याला ती वाचता आली असती, हे ती सही पाहताना माझ्या लक्षात आले. मी गप्प राहिलो.

पुष्कळ वर्षे मी या प्रसंगाकडे शब्दार्थाची चूक म्हणून पाहत होतो. पण कोश काढून पाहिला तर 'इनर्ट' म्हणजे निष्क्रियच. अर्थ बरोबर होता. मग चुकले काय?

अमेरिकेत बेंजामिन ली व्हॉर्फ नावाचे एक भाषाभ्यासक होऊन गेले. पोटापाण्यासाठी ते आगीच्या विमा कंपनीत नोकरी करीत आणि आगी का लागतात याचा तपास करीत. त्यांनी एक निरीक्षण लिहून ठेवले आहे. पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांपाशी लोक जपून वागतात; 'रिकामी' असे लिहिलेल्या पिंपांपाशी मात्र बिनधास्त विडी ओढतात. वास्तविक रिकाम्या पिंपात पेट्रोलची वाफ असते आणि भडका उडण्याचा धोका तिथेच जास्त. 'रिकामे' हा शब्द खरा असतो आणि तोच घात करतो. कोशातला अर्थ शब्दापुरता असतो. त्या शब्दाच्या भरवशावर माणूस पुढे काय करील हे कोशात नसते. ते सांगणाऱ्याने पाहायचे असते, आणि पाहायचे तर निदान मान वर करून समोरच्याकडे बघावे लागते. तेवढेही मी केले नव्हते.

दुसरा प्रश्न असा की अवघड शब्द आपण शिकतो कशासाठी? याचे एक जुने उत्तर हजिऱ्याच्या परिसरातच पुरलेले आहे. गुजरातीत हजीरो म्हणजे थडगे, मकबरा. अहमदाबादेतला राणीनो हजीरो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. मूळ अरबी शब्दाचा अर्थ कुंपण घातलेली जागा. हजिऱ्याजवळच्या सुवालीच्या समुद्रात १६१२ साली इंग्रजांनी पोर्तुगीजांना लढाईत मागे सारले आणि येथल्या व्यापारात त्यांचा पाय रोवला गेला. त्यांचा वकील सर टॉमस रो १६१५ साली सुवालीलाच उतरला. त्याला फारसी येत नव्हती, दुभाष्यांवाचून त्याचे पदोपदी अडे. म्हणजे पहिली काही वर्षे शब्दांवाचून अडणारी माणसे इंग्रजच होती. येथल्या वाण्यांना ते 'बनियन' म्हणत. त्यावरून त्यांनी वडाच्या झाडाला नाव दिले, त्यावरूनच एका अंगरख्याला दिले, आणि आज आपण सदऱ्याखाली जे घालतो ते बनियनही तिथूनच फिरून परत आलेले आहे.

त्याच काळात टॉम कोरियट नावाचा एक विक्षिप्त इंग्रज प्रवासी या देशात भटकत आला होता. भाषा शिकण्यात मोठा तरबेज. जहांगीर बादशहापुढे त्याने फारसीत भाषण केले होते. त्याची एक हकीकत रोच्या पदरी असलेल्या टेरी या पाद्र्याने लिहून ठेवली आहे. वकिलाच्या घरी एक परटीण होती, ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोंडाचा पट्टा चालवी. कोरियटने एके दिवशी तिच्याच भाषेत तिला असे काही सुनावले की सकाळी आठाच्या आत ती निरुत्तर झाली. कोरियट १६१७ साली सुरतेत वारला. त्याची म्हणून दाखवली जाणारी कबर सुवालीजवळ राजगरीला आहे.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा हसलो होतो. आता तितकेसे हसू येत नाही. दुसऱ्याची भाषा इतकी मेहनत घेऊन शिकायची आणि तिचा लक्षात राहण्याजोगा उपयोग काय, तर एका परटिणीचे तोंड बंद करणे! आणि माझ्या अहवालाने दुसरे काय केले होते? कोरियटने निदान तिला कळणाऱ्या भाषेत तिला गप्प केले. मी त्या पोराला न कळणाऱ्या भाषेत गप्प केले.

इंग्रज लोकांनी स्वतः हे दुःख भोगलेले आहे, हे आपण विसरतो. नॉर्मन राजांनंतर तीनशे वर्षे त्यांच्या न्यायालयांत फ्रेंच चालत असे. १३६२ साली तिसऱ्या एडवर्डच्या राज्यात कायदा झाला की खटले इंग्रजीत चालावेत, कारण लोकांना फ्रेंच कळत नाही आणि आपल्या बाजूने वा विरुद्ध काय बोलले जात आहे याचा त्यांना पत्ता लागत नाही. गंमत म्हणजे तो कायदाही फ्रेंचमध्येच लिहिलेला होता. पुढे १६०४ साली रॉबर्ट कॉड्री या शिक्षकाने इंग्रजीतला पहिला इंग्रजी-इंग्रजी कोश छापला. सुमारे अडीच हजार शब्द, आणि सगळे निवडून काढलेले अवघड शब्द. ज्यांना लॅटिन-ग्रीक शिकायला मिळाले नाही अशा स्त्रियांसाठी आणि सामान्य माणसांसाठी हा कोश आहे, असे त्याने मुखपृष्ठावरच सांगून टाकले. अवघड शब्दांची यादी पहिल्यांदा झाली ती कुंपणाबाहेरच्यांना आत घेण्यासाठी. माझी वहीसुद्धा अवघड शब्दांचीच यादी होती, पण तिचा रोख नेमका उलटा होता. ती मला कुंपणाच्या आत नेण्यासाठी होती, आणि आत गेल्यावर मी फाटक लावून घेतले.

कुणी म्हणेल, यावर उपाय सोपा आहे, सगळे मराठीत लिहा. मला तसे वाटत नाही. महाराष्ट्राने १९६० साली भाषा संचालनालय काढले आणि १९६२ साली पदनाम कोश आला, तेव्हा त्यातल्या जड शब्दांवरून टीकाकारांनी त्याची 'बदनाम कोश' म्हणून टिंगल केली. त्यातले पुष्कळ शब्द पुढे रुळले, हेही खरे. पण मी त्या पाटीवर इंग्रजीऐवजी 'निष्क्रिय वातावरण' असे लिहिले असते तरी पोराचे डोके आत गेलेच असते. मराठीतही कुंपण घालता येते, आणि संस्कृत शब्दांचे कुंपण तर चांगले उंच होते. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला जे केले त्याचे मोल मला येथे कळते. गीतेचा अर्थ जाणणारे त्यांच्या आधीही होते. तो ज्यांच्यापर्यंत पोहोचलेला नव्हता त्यांचे आपण देणे लागतो, असे त्यांना वाटले.

मग अवघड शब्द शिकूच नयेत का? हे तर मी मुळीच म्हणणार नाही. ज्यांच्या जमिनी जातात, ज्यांचे परवाने अडतात, ज्यांच्या सह्या घेतल्या जातात, त्यांच्या घरातल्या एका तरी मुलाला ते सगळे शब्द आले पाहिजेत. इंग्रजीला आपल्याकडे दोन उपमा दिल्या गेल्या. वाघिणीचे दूध ही विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावावर चालत आली आहे. त्याआधी, १८५४ सालच्या 'काव्यफुले'त, सावित्रीबाई फुल्यांनी तिला माऊली म्हटले. दोघांनाही ती हवीच होती. पण वाघिणीचे दूध पिणाऱ्याने गुरगुरावे अशी अपेक्षा असते, आणि माऊलीचे दूध प्यालेल्याला आपली भावंडे आठवावीत अशी. मी वही घातली तेव्हा मला गुरगुरायचे होते.

पोरीने सांगितले की तिच्या परीक्षेतून सुटे विरुद्धार्थी शब्द विचारणे २०११ सालीच बंद झाले. आता शब्द वाक्यात बसवून दाखवावा लागतो. परीक्षा घेणाऱ्यांना एवढे उमगले हे चांगलेच आहे. मी तिला आणखी एक परीक्षा सुचवली. शिकलेला शब्द, तो न कळल्यामुळे ज्याचे नुकसान होईल अशा माणसाला त्याच्या भाषेत सांगून पाहायचा. सांगता आला तर तो आपला झाला. नाही आला, तर अजून नुसता पाठ आहे.

त्या घटनेनंतर मी पाट्यांखाली एक पुठ्ठा बांधू लागलो. मराठी, गुजराती आणि हिंदीत त्यावर लिहीत असे, 'आत श्वास घेण्यासारखी हवा नाही. डोकेसुद्धा आत घालू नका. माणूस मरतो.' वरिष्ठांनी हरकत घेतली नाही, शाबासकीही दिली नाही. निवृत्त होईपर्यंत मी ते करीत राहिलो. अनेकांना त्याचा उपयोग झाला असेल. पण ज्याचे देणे होते त्याला ते पोहोचले नाही. ठेका संपला, पोरगा गावाकडे गेला की आणखी कुठे, कळले नाही. अहवाल फायलीत तसाच राहिला. तो नोकरीवर होता तेवढे दीड महिने रोज माझ्या टेबलासमोरून जात होता. "चूक माझी होती," एवढे तीन शब्द त्याला सांगायचे होते. ते कुठल्या वहीत उतरवून घ्यावे लागत नव्हते, आणि त्यांचा अर्थ त्याला लगेच कळला असता.

पोरीने हे सारे ऐकले, वही मिटली आणि काही वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आजोबा, त्या अहवालात आता काय लिहाल?" मी म्हणालो, "कामगाराने शब्दाचा अर्थ विचारला होता. त्याला तो नीट सांगितला गेला नाही." तिने ते तिच्या वहीत उतरवून घेतले, मराठीतच.